लॉनच्या टॉप ड्रेसिंगच्या नावावर ३१,२०० रुपयांना फसवलं, नागपूरवाल्यांनो पैसे द्यायच्या आधी हे वाचा

मृग लागायच्या आधी आमच्या मनीष नगर-बेसा भागात काही लोक बंगल्याबंगल्यात जाऊन "ताई, लॉनचं टॉप ड्रेसिंग करून देतो, पावसाळ्याआधी हीच वेळ आहे" असं सांगून फिरून राहिले होते. आमच्याकडे आले, कामही केलं, पैसेही नेले आणि लॉन मारून टाकलं. पैशाचं दुःख आहेच पण सासऱ्यांनी रिटायर झाल्यावर स्वतः गवताची चटई चटई लावून वाढवलेलं मेक्सिकन लॉन होतं ते, आणि त्याची आज जी हालत आहे ती पाहवत नाही, म्हणून सगळं खुलासेवार लिहिते.

या लोकांची पहिली गोष्ट म्हणजे ते जे सांगतात त्यातलं अर्धंअधिक खरं असते. टॉप ड्रेसिंग म्हणजे गवत बारीक कापून त्यावर रेती, माती आणि खताचं चाळलेलं मिश्रण पातळ पसरवायचं, त्याने खड्डे हळूहळू भरतात, गवताच्या बुडाशी साचलेला वाळका थर कुजायला मदत होते आणि नवीन मुळं धरतात. आपल्याकडची लॉनची गवतं, मेक्सिकन असो, सिलेक्शन वन असो की साधी हरळी, सगळी उष्ण हवेत वाढणारी, म्हणून पावसाच्या तोंडावर करणं बरोबरच. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते त्यामुळे लॉन उंचसखल होते, हेही त्यांच्यातल्या मुख्य माणसाने सासऱ्यांना बरोबर समजावून सांगितलं. "काकाजी, तुमच्या लॉनला श्वासच घेता येऊन नाही राहिला" म्हणाला, खाली बसून बोटाने गवत बाजूला करून वाळका थर दाखवला. माणूस माहितगार वाटतो तो असा.

सँपलही आणलं होतं, एका पिशवीत. काळंभोर, भुसभुशीत, चाळलेलं, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास, मधे कन्हानची रेती चमकून राहिलेली. मी हातात घेऊन पाहिलं, सासऱ्यांनी पाहिलं, चांगलंच होतं. आमचं लॉन १,२०० चौरस फूट, त्याला दोन ब्रास माल लागेल म्हणाला, ९,५०० रुपये ब्रास, वरून "इंपोर्टेड लॉन बूस्टर" चार पिशव्या १,८०० च्या हिशोबाने आणि मजुरी ५,०००. सगळे मिळून ३१,२००. त्यातले दहा हजार ॲडव्हान्स.

आता हा हिशोब नीट पाहा कारण सगळी गंमत इथेच आहे. टॉप ड्रेसिंगचा थर पाव इंच असतो, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, फारच खोलगट जागी अर्धा इंच, आणि पसरवून झाल्यावर गवताची टोकं वर दिसलीच पाहिजेत. १,२०० चौरस फुटाला पाव इंच म्हणजे २५ घनफूट माल. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणजे आम्हाला लागत होता पाव ब्रास आणि त्याने लावले दोन ब्रास! दोन ब्रास खरंच टाकले असते तर लॉनवर दोन इंचाचा थर बसला असता. सोपा हिशोब लक्षात ठेवायचा असेल तर पाव इंचासाठी चौरस फुटाला ४८ ने भागायचं, जे येईल तेवढे घनफूट. कोणी याच्यापेक्षा दुप्पट सांगितलं तर समजू शकते, कुठे खड्डे असतील, पण आठपट सांगितलं तर तो तुमच्या लॉनसाठी नाही, त्याची ट्रॉली रिकामी करण्यासाठी आला आहे.

माल आला संध्याकाळी, दिवेलागणी होऊन गेल्यावर. दिवसा सिटीत ट्रॉली आणायला त्रास होते असं कारण सांगितलं. ट्रॅक्टर गेटसमोर लागला आणि माल खाली पूर्ण उतरायच्या आधीच दोघं तिघं पोरं घमेल्यांनी लॉनवर टाकायला लागली. सासरे म्हणाले अरे थांबा जरा, लाइट लावतो, तर "काकाजी दव पडायच्या आत पसरवावं लागते" म्हणे. मे महिन्याच्या शेवटी नागपुरात कुठलं दव! गवत कापलं नाही, वाळका थर काढला नाही, काट्याने भोकं पाडली नाहीत, नुसता माल ओतला आणि फळीने सपाट करून टाकला. ट्रॉलीचं मापही तसंच, मधे ढिगारा उंच आणि कोपरे रिकामे. ट्रॉली आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि माल सरासरी दीड फूट उंच असला तर ९० घनफूट होते, ब्रासही पूर्ण नाही, आणि तेही काठोकाठ सपाट भरलं तर. नंतर मी लॉनमधे आठ-दहा जागी पट्टी खुपसून पाहिली तर थर दीड इंचाच्या आसपास निघाला, म्हणजे माती बसते हे धरलं तरी दोन ब्रास माल आला नव्हता. जास्त लावला आणि त्यातही कमी दिला.

सकाळी उजेडात पाहिलं तर सँपलशी काही संबंधच नाही. वर करडी बारीक पूड, राख सरळ दिसून राहिली होती, खाली विटांचे तुकडे, प्लास्टरच्या खपल्या, टाइल्सच्या कपच्या, प्लास्टिकचे तुकडे. कुठल्यातरी बांधकामाचा मलबा आणि राख, त्यावर रंगापुरतं काळं मिसळलेलं. फोन केला तर म्हणाला "ताई त्यात मिनरल असतात, आठ दिवस थांबा, हिरवंगार नाही झालं तर एक रुपया देऊ नका."

आणि सांगते, खरंच हिरवं झालं. हीच त्यांची सगळ्यात मोठी चाल आहे. तो "इंपोर्टेड बूस्टर" म्हणजे हिरवा रंग मारलेला युरिया. युरियात ४६ टक्के नत्र असते, भरपूर पाणी मारलं की आठवड्याभरात जिथे जिथे गवताची टोकं वर होती तिथे गडद हिरवी पडली, अंगणात शिरल्यावर वाटावं वा काय लॉन आहे. तेवढ्यात तो हजर, "पाहा काकाजी बोललो होतो न", आणि उरलेले २१,२०० घेऊन गेला. युपीआयवर, पण नंबर दुसऱ्याच कोणाच्या नावाचा. बिल मागितलं तर उद्या पाठवतो.

युरिया ओळखायचा असेल तर सोपं आहे. ग्लासभर पाण्यात मूठभर टाकून ढवळायचं, ग्लास हाताला एकदम थंड लागते, रंग पाण्यात सुटून येते आणि दाणे विरघळून जातात, बरेचदा कडुनिंबाच्या तेलाचा वासही येते कारण २०१५ पासून देशात युरियाला निंबाचा लेप देणं बंधनकारक आहे. शेतकऱ्यांसाठी सबसिडीवर मिळणारी ४५ किलोची गोणी ३०० रुपयांच्या आत येते, आणि तोच रंगवून पाच पाच किलोच्या पिशव्यांत आम्हाला १,८०० ला. शेतकऱ्याच्या वाट्याचं खत असं विकून राहिले याचा मला वेगळाच राग आहे.

पाऊस सुरू झाला आणि खरं रूप दिसलं. राखेचा थर ओला होऊन वरून पापुद्रा धरला, पाणी मुरेना, डबकी साचली, आणि खाली दबलेलं गवत पिवळं पडून कुजायला लागलं. हरळी असती तर तिच्या धावत्या काड्या दीड इंचातूनही कदाचित वर आल्या असत्या, पण मेक्सिकन फार सावकाश वाढते, त्याला ऊन नाही मिळालं की संपलं. त्यात मालासोबत लव्हाळ्याच्या गाठी आल्या. ज्यांनी शेती केली त्यांना माहीत आहे लव्हाळा काय चीज आहे, वरून उपटला की खालची गाठ तशीच राहते आणि तिथून पुन्हा फुटतो. ज्या लॉनमधे कधी नव्हता तिथे आता जागोजागी आहे. सासरे रोज सकाळी खुरपं घेऊन बसतात, गुडघे दुखतात तरी ऐकत नाहीत. त्यांचा चेहरा पाहून मला त्या माणसाची फार चीड येते.

तुमच्याकडे कोणी आलं तर माल दिवसा उजेडात घ्या आणि लॉनवर नाही, ताडपत्रीवर उतरवून घ्या. ढिगाच्या आतून, वरून नाही, ओंजळभर काढा आणि काचेच्या बरणीत एक तृतीयांश भरून वरपर्यंत पाणी घाला, चिमूटभर कपड्याचा साबण टाकून खूप हलवा आणि ठेवून द्या. रेती मिनिटभरात खाली बसते, त्यावर गाळ काही तासात, चिकणमाती बसायला दिवसभर किंवा जास्तही लागते. राख असली तर बरेचदा पाण्यावर करडी साय तरंगते. कचरा-काड्याही तरंगतात पण त्या काळ्या-तपकिरी असतात, फरक लगेच कळते. काही जण व्हिनेगर टाकून फेस आला म्हणजे मलबा असं सांगतात, पण आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतातच, त्यामुळे नुसत्या फेसावरून कोणाला चोर म्हणू नका. खतात हात घालून पाहा, आतून गरम लागलं किंवा नाकात झोंबणारा वास आला तर ते कच्चं आहे. आणि उरलेले पैसे हिरवेपणा पाहून देऊ नका. थरातून नवीन पाती सगळीकडे वर आली, एकदा गवत कापून झालं, मग द्या. ज्याचं काम खरं आहे तो थांबते.

खोल खड्डा असेल तर एका झटक्यात भरूच नका, प्रत्येक वेळी अर्ध्या इंचाच्या आत, गवत वर आलं की पुढचा थर. किंवा तेवढी चटई कापून उचलायची, खाली माती भरायची आणि चटई परत बसवायची.

आम्ही आता दंताळ्याने आणि खराट्याने जेवढा थर निघते तेवढा काढून राहिलो, एका कोपऱ्यातलं गवत जिवंत आहे, तिथून चटई घेऊन बाकी भरायचा विचार आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, जिल्हा ग्राहक आयोगातही टाकणार आहे, तिथे ५ लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. बिल नसलं तरी युपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि फोटो आहेत, आणि त्या मालाची एक गोणी भरून तोंड शिवून ठेवली आहे. सारखंच नुकसान झालेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने मिळून एकच तक्रार करता येते, त्यामुळे बेसा, मनीष नगर, मानेवाडा कुठेही कोणाच्या लॉनवर अशीच करडी राख आणि हिरवा बूस्टर पडला असेल तर मला सांगा, आणि तोवर थोडा माल आणि बूस्टरची रिकामी पिशवी फेकू नका.