होळकर पुलाजवळचे जिओकॅशिंग: खेळ उत्तम, डबीची जागा चुकीची

ज्या अहिल्यादेवी होळकर पुलाला जुने नाशिककर आजही व्हिक्टोरिया पूल म्हणतात, त्या पुलाजवळ लपवलेली डबी शोधण्यासाठी भाचीला घेऊन मी मार्गशीर्षातल्या एका रविवारी उजाडताच गोदाकाठी पोहोचलो. डबी मिळाली नाही, तरीही ही सकाळ वाया गेली असे मी म्हणणार नाही.

अक्षांश-रेखांशांच्या आधारे डबी शोधायची, आतल्या वहीत नाव व तारीख लिहायची आणि डबी होती तिथेच परत ठेवायची, एवढाच जिओकॅशिंगचा हा खेळ आहे. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेची त्रुटी काढून टाकली आणि लगेचच ऑरेगन राज्यात पहिली डबी लपवली गेली. शोध किती अवघड आणि वाट किती खडतर, हे प्रत्येक डबीसाठी १ ते ५ अशा स्वतंत्र श्रेणींत दिलेले असते. इथे दोन्ही श्रेणी कमी होत्या, पण दगडी बांधकामाजवळ उपग्रहांचे संकेत परावर्तित होत असल्याने फोनवरचा बाण आम्हांला कधी पाण्याकडे, तर कधी रस्त्याकडे वळवत राहिला.

खरी तक्रार जागेबद्दल आहे. डबी लपवणाऱ्याने शोधणाऱ्यांसाठी दिलेली सांकेतिक सूचना वाचली, तर डबी पात्रालगतच्या दगडांत असावी असे दिसते. गोदेचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या अंगापर्यंत चढला यावरून मोजणाऱ्या शहरात पूररेषेखाली डबी ठेवणाऱ्याने एक तरी श्रावण इथे काढला आहे का, अशी शंका येते. शिवाय अशा सूचनेमुळे शोधणारा प्रत्येक फटीत बोटे घालतो, आणि पुलाखालच्या फटींत पाकोळ्यांनी घरटी केलेली असू शकतात. डबी पुरू नये, परिसराला इजा करू नये, हे खेळाचेच नियम आहेत.

शोध सोडल्यावर मात्र आम्ही तासभर तिथेच रेंगाळलो. उथळ पाण्यात बगळे स्तब्ध उभे होते, पाणकावळे पंख पसरून ऊन खात होते, आणि भाचीने पहिल्यांदाच खंड्याला मासा दगडावर आपटताना पाहिले. डबी नारोशंकराच्या मंदिराच्या बाजूला, उंचावर आणि घरट्यांपासून दूर हलवली, तर मी पुन्हा जाईन. तोपर्यंत पाचापैकी तीन तारे, आणि त्यांतले दोन खंड्याचे.