लोगोचे काम संपल्यावर काय घ्यावे: केवळ अंतिम फाइली की ओपन फाइलही?

लोगोचे काम देताना डिझायनरकडून बहुधा दोन प्रकारचे दर सांगितले जातात. पहिल्यात केवळ अंतिम फाइली मिळतात: छपाईसाठी पीडीएफ, समाजमाध्यमांसाठी जेपीजी आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी. दुसऱ्यात यांच्या जोडीला इलस्ट्रेटर किंवा कोरलड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमधील मूळ फाइल, म्हणजेच ओपन फाइल मिळते आणि तिचे पैसे वेगळे मोजावे लागतात.

एकदाच छापायच्या पत्रकासाठी ओपन फाइलचा आग्रह धरणे मला अनाठायी वाटते. लोगोचे तसे नसते. व्हिजिटिंग कार्डावर दोन सेंटिमीटरचा असलेला लोगो पुढे दुकानाच्या दहा फुटी पाटीवर जातो आणि पीएनजी पिक्सेलची बनलेली असल्यामुळे तिथे तिच्या कडा फाटलेल्या दिसतात. व्हेक्टर फाइल, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकारांच्या गणिती वर्णनातून बनलेली फाइल, मात्र कितीही मोठी केली तरी स्वच्छ राहते. पीडीएफ व्हेक्टर असतेच असे नाही, कारण तिच्यात नुसती जेपीजी बसवूनही देता येते. म्हणून ती पडद्यावर आठपट मोठी करून अक्षरांच्या कडा पाहाव्यात.

मराठी मजकूर असेल तर ओपन फाइलचीही एक अडचण आहे. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल आणि तो फॉन्ट छापखान्यातील संगणकावर नसेल, तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टवर अवलंबून न राहणाऱ्या आकारांत बदलून दिली की हा धोका टळतो, पण मग मजकूर टंकून बदलता येत नाही. त्यामुळे दोन्ही प्रती मागाव्यात. शिवाय कोरलड्रॉच्या नव्या आवृत्तीतील फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि अनेक छापखाने अजून जुन्याच आवृत्तीवर काम करतात.

ओपन फाइल हाती आली म्हणजे लोगोचे हक्कही आले, असा समज सर्रास आढळतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते आणि प्रदेश नमूद नसेल तर हस्तांतरण भारतापुरते मानले जाते.

ओपन फाइल आणि हक्कांचे हस्तांतरण या दोन्हींचा खर्च परवडत नसेल, तर हक्कांच्या कागदाविना मिळणाऱ्या ओपन फाइलपेक्षा कर्व्ह केलेली व्हेक्टर पीडीएफ, एसव्हीजी (वेबसाठीची व्हेक्टर फाइल) आणि मुदत स्पष्ट लिहिलेले हस्तांतरणपत्र मी पसंत करीन.