माझे फोटो, भलत्याच मुलाच्या पोर्टफोलिओत

लोअर परळच्या एका ऑफिसात इंटर्नशिपची मुलाखत होती. समोरच्या मॅडमनी माझी लिंक उघडली, जरा खाली सरकवली आणि म्हणाल्या, "हे फोटो मागच्या आठवड्यात एका मुलाने दाखवले होते. नक्की कोणाचे?"

एसी चालू असून मला घाम फुटला.

फोटो दादरच्या फुलबाजारातले. डोंबिवलीहून पहिल्या लोकलने गेले होते. झेंडूच्या गोणीला टेकून चहा पिणारा हमाल, आणि फ्रेमच्या कडेला हिरव्या बांगड्यांचा एक हात. तो हात आईचा. अंधारात एकटीला सोडणार नाही म्हणून ती सोबत आली होती आणि नेमकी फ्रेममध्ये घुसली होती!

आता मूळ कथा. मी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजबाहेर कुणीतरी पत्रकं वाटत होतं: सात दिवसांत डिजिटल पोर्टफोलिओ, स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, इंटर्नशिपची हमी. अंधेरी स्टेशनजवळ ऑफिस. साडेसहा हजार रुपये यूपीआयने घेतले, तेही कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. पावती मागितली तर व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता अंगठा आला. तिथेच शहाणं व्हायला हवं होतं. उलट "मोठ्या साइझच्या फाइली द्या" म्हटल्यावर पेन ड्राइव्हवर चाळीस फोटो भरून दिले.

साइट झाली, दिसायलाही झकास. हमीच्या इंटर्नशिपचं मात्र कुणी नाव काढेना. वर्ष भरत आलं तसा मेसेज आला: नूतनीकरणाचे नऊ हजार, नाहीतर साइट बंद. साधं '.इन' नाव वर्षाला हजाराच्या आसपास मिळतं. मी म्हटलं, डोमेन माझ्याकडे द्या, मी भरते. उत्तर नाही. मग हूइज शोधात, म्हणजे डोमेन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या शोधात, माझंच नाव टाकून पाहिलं, तर मालकाच्या रकान्यात त्यांची कंपनी. कंट्रोल पॅनेलचा पासवर्ड मला कधी दिलाच नव्हता, आणि मीही मागितला नव्हता. त्या भांडणात असतानाच ही मुलाखत आली.

घरी येऊन मॅडमना रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली, पाठवल्या. त्यात तारीख, वेळ, कॅमेरा सगळं असतं. त्यांना पटलं, पण तोवर जागा भरली होती.

त्या मुलाला मी शोधून फोन केला, चांगला झापायच्या तयारीने. तर त्यानेही त्याच लोकांकडे आठ हजार भरलेले. "तुझं काम कमी आहे, थोडं भरीचं टाकतो, एवढं कोण बघतंय" असं त्याला सांगितलं होतं. बिचारा रडकुंडीला आला. स्वतःच्या हौसेने काढलेल्या फोटोंवर कॉपीराइट माझाच, म्हणून त्याची साइट ज्यांच्या सर्व्हरवर होती त्या होस्टिंग कंपनीला मूळ फाइलींसह तक्रार केली. त्याच्या पानावरून फोटो उतरले. आम्ही दोघांनी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर आणि सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

आता माझं काम बिहान्स या पोर्टफोलिओच्या साइटवर आणि गिटहब पेजेसवर, म्हणजे स्वतःची साइट फुकट ठेवता येते तिथे, आहे. दोन्हींना एक रुपया लागला नाही. गिटहबचं जमवायला एक रविवार गेला, तेवढंच.

जुनी लिंक मात्र छापील रेझ्युमेवर पाच-सहा ठिकाणी पोचली आहे. माझं नाव टाकलं की तिथे आता रमीची जाहिरात उघडते.