'पीक' सांगून नायलॉन मारलं

ड्रायरमधून आमचा माल 210 अंशांना हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या टाकीत पडतो आणि पत्र्याला चिकटून बसतो. म्हणून नव्या हॉपरला आतून 'पीक' (PEEK) या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचं कोटिंग करायचं ठरवलं. पावडर गनच्या ज्वाळेतून वितळवत मारायची, जाडी 400 मायक्रॉन. (आमच्या भागात पीक म्हणजे ऊस. खरेदीवाल्याने तसा विनोद केला होता. नंतर कुणी तो काढला नाही.) बिल 84 हजार, निम्मे आगाऊ.

हॉपर आला तो बघत राहावा असा. काळा, गुळगुळीत. मीटर लावला तर 380 ते 420. थरात भोक असेल तिथे ठिणगी पाडणारी स्पार्क टेस्ट समोर करून दाखवली, एकही ठिणगी नाही. बाहेरचा रेड ऑक्साइडचा रंगसुद्धा कुठे करपलेला नव्हता. "काय जपून काम केलंय!" असं मीच कोटिंगवाल्याला म्हणालो. तो नुसता हसला.

पहिल्याच पाळीत ऑपरेटरचा फोन, "साहेब, कोटिंग गळतंय." खाली व्हॉल्व्हवर काळा चीक आणि त्यात माखलेला माल.

पीक वितळतं 343 अंशांना. ते 210 ला गळेल कसं? कोटिंगचा कपचा काढून भरपूर मीठ घातलेल्या पाण्यात टाकला. तरंगला. तसल्या पाण्याची घनता 1.2, पीकची 1.3, म्हणजे पीक असतं तर तळाला गेलं असतं. नायलॉन 11 ची घनता 1.04 च्या आसपास आणि ते 190 च्या आतच वितळतं.

मीटर थराची जाडी सांगतो, स्पार्क भोक सांगतो. पावडर कुठली, हे दोन्ही सांगत नाहीत, आणि त्याला ते पुरतं ठाऊक होतं. पीक नीट धरायचं तर पत्राच साडेतीनशेच्या आसपास तापवावा लागतो. तेवढ्यात बाहेरचा साधा रंग टिकतो होय? ज्याचं मी कौतुक केलं तोच पुरावा होता!

फोनवर म्हणाला, "तुमचा ड्रायर जास्त तापतोय." पावडरचं सर्टिफिकेट मागितलं तर झेरॉक्स आली, बॅच नंबरच्या जागी काळा डाग.

उरलेले पैसे मी दिले नाहीत, आगाऊ दिलेले 42 हजार त्याने परत केले नाहीत. दुसरीकडे काम दिलं तेव्हा सीलबंद पिशवी माझ्यासमोर फोडायला लावली. त्याच पावडरची एक पट्टी मारून घेतली आणि 250 अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवली. हॉपर परत आला तो बाहेरून जळून काळाठिक्कर. रंग आम्हीच पुन्हा मारला.