माहिती पारखायला शिकवायचंय? आपल्या वर्गात कोणतं ऑनलाइन साधन चालतं

शाळेच्या ग्रंथालयाला आठवड्यातून एक तास मिळतो, 35 मिनिटांचा. पाच मिनिटं हजेरीत जातात, पाच प्रोजेक्टरच्या वायरी शोधण्यात. उरलेल्या वेळात आठवी-नववीच्या मुलांना नेटवरची माहिती पारखायला शिकवायचं, तर फुकट मिळणाऱ्या साधनांपैकी कशाला हात घालावा? मी यातली बरीचशी चाळली, काही वर्गात वापरली. कौल आधीच सांगून टाकते: पद्धत बाहेरून घ्या, उदाहरणं मराठीतून. एकच साधन उचलून जसंच्या तसं शिकवाल, तर फसाल.

पहिली निवड दोन पद्धतींतली. ग्रंथपालांच्या ओळखीची ती ‘क्रॅप टेस्ट’. कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथपाल सारा ब्लेकस्ली यांनी ती 2004 मध्ये मांडली. मजकूर ताजा आहे का, कामाचा आहे का, लिहिणाऱ्याचा अधिकार काय, अचूक आहे का, हेतू काय, असे पाच निकष. फळ्यावर छान उतरतात, परीक्षेत पाच गुणांना विचारता येतात. गोम अशी की मूल त्याच पानावर बसून राहतं आणि ते पान स्वतःबद्दल जे सांगेल त्यावरच खुणा करतं. चकचकीत साईट असली की पाचही निकषांत पास.

स्टॅनफर्डचे संशोधक सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 2017 मध्ये नेमकं हेच दाखवलं. 10 इतिहासतज्ज्ञ, 10 व्यावसायिक फॅक्ट-चेकर (बातम्यांतले दावे तपासणारे) आणि स्टॅनफर्डचे 25 विद्यार्थी यांच्यापुढे त्यांनी बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांच्या साईट ठेवल्या. एक 1930 पासूनची मोठी व्यावसायिक संघटना, दुसरी 2002 मध्ये तिच्यातून फुटलेला छोटा गट. नावं जवळजवळ सारखी. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना फुटीर गटच जास्त विश्वासार्ह वाटला, आणि काही इतिहासतज्ज्ञही गोंधळले. फॅक्ट-चेकर मात्र काही क्षणांत ते पान सोडून दुसऱ्या टॅबमध्ये गेले आणि ‘या लोकांबद्दल इतर काय म्हणतात’ ते पाहू लागले. सोयरीक जुळवताना आपण हेच करतो की. मुलाकडच्यांनी सांगितलेलं ऐकून घेतो, पण चौकशी गावात करतो.

या ‘गावात चौकशी’ला माहिती-साक्षरतेचे अमेरिकन अभ्यासक माईक कॉलफिल्ड यांनी 2019 मध्ये चार पायऱ्यांत बसवलं, नाव ‘सिफ्ट’: थांबा, सांगणारा कोण ते पाहा, हीच गोष्ट इतरत्र कुठे आली आहे ते शोधा, मूळ गाठा. त्यांचा ‘चेक, प्लीज’ हा पाच धड्यांचा अभ्यासक्रम मोफत आहे, एकेक धडा साधारण अर्ध्या तासाचा, आणि परवाना खुला असल्यामुळे भाषांतर करून वापरायलाही आडकाठी नाही. इंग्रजी मात्र सलग वाचावं लागतं. मुलांना ते देऊ नका, आधी स्वतः करा. एका रविवारी उरकतो. क्रॅप की सिफ्ट, यात माझ्यापुरता प्रश्न मिटलेला आहे.

तयार पाठ हवे असतील तर ‘सिव्हिक ऑनलाइन रीझनिंग’ आणि ‘चेकॉलॉजी’ अशी दोन मोठी नावं समोर येतात. पहिलं वाईनबर्ग यांच्याच गटाचं. हा गट आता स्टॅनफर्डमधून बाहेर पडून ‘डिजिटल इन्क्वायरी ग्रुप’ नावाने चालतो. खातं उघडलं की पाठ उतरवून घेता येतात, छापताही येतात, आणि उत्तरं कशी तपासायची याचे नमुनेही सोबत असतात. मला हे नमुनेच सर्वांत मोलाचे वाटले, कारण ‘साईट खरी वाटते’ या उत्तराला किती गुण द्यायचे, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या हायस्कुलांत 499 विद्यार्थ्यांबरोबर 50 मिनिटांचे सहा तास घेऊन त्यांनी हे तपासलंय, आणि फरक दिसलाय.

चेकॉलॉजी दिसायला जास्त देखणं: व्हिडिओ, पत्रकारांचे आवाज, पडद्यावरचे सराव. पण ते पडद्यावरच जगतं, आणि बराचसा मजकूर अमेरिकन राज्यघटना आणि तिथल्या वृत्तपत्रांभोवती फिरतो. संगणक कक्ष चालू स्थितीत असलेल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेने विचार करावा, बाकीच्यांनी सोडून द्यावं.

‘बॅड न्यूज’ हा खेळ मुलांना सर्वांत आवडतो. पंधरा मिनिटांत तुम्ही स्वतःच खोट्या बातम्यांचे कारखानदार होता आणि सहा बिल्ले मिळवता. धमाल येते. पण 2023 च्या एका फेरविश्लेषणात असं निघालं की अशा खेळांनी खरं-खोटं वेगळं करण्याची नजर सुधारत नाही, माणूस सगळ्याच बातम्यांवर संशय घेऊ लागतो. व्हॉट्सॲपच्या धर्तीवर बनवलेला असाच खेळ उत्तर भारतात तपासला, तेव्हाही परिणाम दिसला नाही. ऑफ तासाला ठीक आहे.

आता खरी अडचण. ही सगळी साधनं वेबसाईटपासून सुरू होतात आणि आपल्या मुलांकडे माहिती येते ती फॉरवर्डमधून. तिथे ना पत्ता, ना लेखकाचं नाव. चौकशी करायची ती कुणाची? 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. त्या काळात देशभर फिरणारी एक क्लिप मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या चित्रफितीचा कापलेला तुकडा होती. शेवट कापून टाकला होता, म्हणून ती अपहरणाची वाटायची. ‘मूळ गाठा’ ही पायरी नववीला शिकवायला याहून नेमकं उदाहरण मला सापडलेलं नाही. सातवीला मात्र मी ते सांगत नाही. त्यांच्यासाठी युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवल्याची जुनी अफवा पुरते, आणि ती खोटी निघाल्यावर वर्ग खरोखर हिरमुसतो.

अशा कच्च्या मालासाठी फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर आणि विश्वास न्यूज या दावे तपासणाऱ्या साईटांची मराठी पानं उघडा. हे शिकवण्याचं साधन नाही, तिथे तयार उत्तरं असतात. म्हणून दावा आणि फोटो तेवढा दाखवायचा, निकाल झाकायचा. मुलांना शाळेत फोन आणू देत नाहीत, तेव्हा आम्ही माझ्या फोनवर व्हिडिओचा स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सने (चित्रावरून शोधणारी सोय) शोधतो, आणि पुढे काय करायचं ते मुलं सांगतात. पीआयबी फॅक्ट चेक, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची तपासणी, फक्त केंद्र सरकारशी निगडित दाव्यांपुरतं आहे, एवढं लक्षात ठेवा. फॅक्टशाला हा भारतीय उपक्रम प्रशिक्षकांकरवी कार्यशाळा घेतो. एखादा दिवस मिळत असेल तर बोलवावं, पण दर आठवड्याचा तास त्यावर चालत नाही.

नेट नसलेल्या दिवसासाठी माझी युक्ती अशी: एकाच विषयाची मराठी विकिपीडियावरची आणि मराठी विश्वकोशातली नोंद, दोन्हींच्या झेरॉक्स. विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. विकिपीडियावर ते नसतं, पण संदर्भ असायला हवेत, आणि मराठीत ते बऱ्याचदा नसतात. कुठल्या वाक्याला आधार नाही, ते मुलं लाल पेनने अधोरेखित करतात. गुरुजींच्या वह्या तपासण्याचा सूड असावा, इतक्या उत्साहाने.

शेवटी किती तास द्यायचे, हेही ठरवा. बिहारमध्ये 2019 च्या निवडणुकीच्या वेळी घरोघरी जाऊन तासाभराचं प्रशिक्षण दिलं, त्याचा एकंदरीत उपयोग झाला नाही. पुढे तिथेच 583 गावांतल्या 13 हजारांहून अधिक मुलांबरोबर प्रयोग झाला, सरकारी ग्रंथालयांतून, अनेक आठवड्यांत विभागून वर्ग घेऊन. त्याचा परिणाम चार महिन्यांनीही टिकला, आणि त्या मुलांच्या पालकांपर्यंतही पोचला. तेव्हा मुख्याध्यापक ‘एक व्याख्यान ठेवा’ म्हणाले, तर व्याख्यानाऐवजी ग्रंथालयाचे सलग सहा तास मागून घ्या.