झाडतोडीच्या कामाला बॉबकॅट: क्षमतेचा आकडा नंतर, आधी मागचं दार उघडून बघा

(वापर: उन्हाळ्यातली मान्सूनपूर्व छाटणी, पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचे काही महिने. काम पुण्यातल्या सोसायट्या आणि बंगल्यांच्या आवारात.)

यंत्र ५० एचपीच्या आसपासचं, चार चाकी स्किड स्टिअर (दोन्ही बाजूंची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरवून वळणारा छोटा लोडर; आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा असला तरी त्याला बॉबकॅटच म्हणतात), कागदावर ६०० किलो क्षमता, व्हर्टिकल लिफ्ट (उचलणारे हात जवळजवळ सरळ वर जातात), पुढे ग्रॅपल म्हणजे ओंडका धरायचा पंजा. कंपनीचं नाव देत नाही, कारण खाली ज्या दोषावर एवढं लिहिलंय तो या आकाराच्या बहुतेक यंत्रांत कमी-अधिक आहेच, आणि नाव दिलं की चर्चा ब्रँडवर घसरते.

दोष असा. ऐन मे महिन्यात, पंज्यात ओंडका धरलेला असताना हायड्रॉलिक ऑइल तापल्याचा दिवा लागतो आणि यंत्र स्वतःच बंद पडतं. इंजिनाचा काटा मात्र मध्यावरच, नेहमीच्या जागी. सर्व्हिसवाल्यांनी आधी सेन्सर बदलला, मग थर्मोस्टॅट, मग पंपाबद्दल शंका काढली. दोन्ही वेळा बिल लागलं. वॉरंटीच्या अर्जावर उत्तर मिळालं की बाहेरचा कचरा अडकल्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही. कचरा होता हे खरं आहे. पण तो जिथे अडकला तिथे पोचायचं तर मागचं दार उघडून ऑइल कूलरचे (हायड्रॉलिक ऑइल थंड करणाऱ्या जाळीचे) चार बोल्ट काढून तो पुढे झुकवावा लागतो, आणि रोजच्या देखभालीच्या पानावर या कामाचा उल्लेखही नाही. पान "ग्रिल स्वच्छ ठेवा" एवढ्यावरच थांबतं. बिलापेक्षा राग याचा जास्त आहे.

अडकतं काय, तर गुलमोहर. गुलमोहराच्या एका पानात कित्येकशे पर्णिका असतात, प्रत्येक जेमतेम सेंटीमीटरभर. वडाचं किंवा बदामाचं पान ग्रिलवरच अडतं, हाताने झटकलं की पडतं. गुलमोहर, सोनमोहोर, सुबाभूळ यांच्या पर्णिका मात्र जाळीतून सरळ आत जातात आणि ऑइल कूलर व रेडिएटर यांच्या मधल्या दीड-दोन इंचांच्या फटीत थर धरतात. त्यावर करवतीचा भुसा बसतो. आपल्याकडे चेन सॉला बार ऑइलऐवजी (करवतीच्या साखळीचं वंगण) इंजिनाचं जळकं ऑइल घालायची सवय आहे. त्या ऑइलचे बारीक शिंतोडे भुशाबरोबर उडतात, आणि सुटा भुसा चिकट गोळा होऊन फिन्समध्ये (कूलरच्या पातळ पत्र्यांमध्ये) घट्ट बसतो. हे मिश्रण नुसत्या हवेने निघत नाही.

इंजिनाचा काटा मध्यावर का राहतो तेही समजून घ्या, कारण ऑपरेटर तिथेच फसतो. इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. रेडिएटर अर्धा बंद झाला तरी बराच वेळ काटा हलत नाही. हायड्रॉलिक ऑइलला अशी राखीव सवलत नसते. व्हीजी ४६ या प्रतीच्या हायड्रॉलिक ऑइलचा चिकटपणा ४० अंशांना ४६ सेंटीस्टोक (चिकटपणाचं एकक) असतो, तो १०० अंशांना सातच्या आसपास येतो. एवढं पातळ ऑइल पंपात आणि चाकांच्या मोटरीत आतल्या आत गळतं, त्या गळतीची पुन्हा उष्णता होते आणि चक्र सुरू होतं. दिवा लागण्याच्या आधी दोन खुणा दिसतात: जागेवर वळताना यंत्र ओढल्यासारखं चालतं, आणि तेवढाच ओंडका उचलताना हात सकाळपेक्षा हळू वर जातात. यातलं काही जाणवलं की तिथेच थांबा.

सफाईची पद्धत. हात पूर्ण खाली, इंजिन बंद, चावी काढून खिशात, किमान पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या. पंखा हवा कुठून ओढतो ते आधीच एकदा चालू यंत्राच्या ग्रिलजवळ कागद धरून बघून ठेवा. कागद चिकटला तर हवा तिथून आत जाते, उडाला तर तिथून बाहेर पडते. प्रत्येक कंपनीची रचना वेगळी आहे. सफाईची हवा नेहमी याच्या उलट दिशेने मारायची, नाहीतर कचरा आणखी खोल जातो. कूलर झुकवा, मधला थर हाताने काढा, मग हवा मारा. कॉम्प्रेसर असेल तर दाब ३० पीएसआयच्या आसपास आणि नोझल फिन्सना काटकोनात. तिरकी मारली की फिन्स आडव्या होतात आणि तो भाग कायमचा बंद. कॉम्प्रेसरसाठी वेगळा खर्च करू नका. झाडतोडीच्या टोळीकडे पाला उडवायचा ब्लोअर असतोच, तो यासाठी उत्तम आहे. पाणी त्यानंतर, साध्या बागेच्या पाइपने, आधी साबणाचं पाणी शिंपडून दहा मिनिटं मुरू द्यायचं. कोरड्या भुशावर आधी पाणी मारलं तर त्याचा लगदा होतो. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन अजिबात नको.

शेवटी इंजिनाखालच्या तबकडीची झाकणं उघडा. तिथे साचलेला सुका पाला सायलेन्सरच्या जवळ असतो आणि त्यावर ऑइलचा थेंब पडलेला असतो. यंत्रं जळतात ती अशी. अग्निशामक नळकांडं केबिनच्या आत नको, बाहेरून हाताला येईल असं लावा.

गुलमोहराचं काम असेल तर हे सगळं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एकदा आणि संध्याकाळी एकदा. चिंच, आंबा, नारळ असेल तर फक्त संध्याकाळी. बोल्टच्या जागी आम्ही हाताने फिरणारे नॉब बसवून घेतले, त्यामुळे पाऊण तासाचं काम दहा-बारा मिनिटांवर आलं. ग्रिलच्या बाहेरून बारीक स्टीलची जाळी लावायचा सल्ला बरेच जण देतात. मच्छरजाळीइतकी बारीक लावली तर हवाच अडते आणि पर्णिका जाळीवर चिकटून दर तासाला झटकाव्या लागतात. तीन-चार मिलिमीटर भोकाची, सरकवून काढता येणारी जाळी चालते, तीसुद्धा फक्त गुलमोहराच्या दिवशी. पंखा उलटा फिरवायची सोय असलेलं यंत्र मिळत असेल तर त्यासाठी जास्त पैसे द्या. एरवी जादा सोयींवर खर्च करू नका असंच सांगितलं असतं.

आता क्षमता. ६०० किलोसारखा आकडा आयएसओ १४३९७-१ या मानकाप्रमाणे चाकांच्या यंत्राला उलटण्याच्या भाराच्या (ज्या भाराला यंत्र पुढे कलंडायला लागतं) निम्मा आणि पट्ट्यांच्या, म्हणजे चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या, यंत्राला ३५ टक्के धरून काढतात. म्हणून पट्ट्यांचा आणि चाकांचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नका. मोजणीच्या वेळी बकेट लावलेली असते. तेव्हा वजा करायचा तो ग्रॅपल आणि बकेट यांच्या वजनातला फरक: बकेट १८० किलो, ग्रॅपल ३०० किलो, म्हणजे १२० गेले. ओंडक्याचा भार बकेटमधल्या मातीपेक्षा पुढे राहतो, त्याचे आणखी काही जातात. हातात उरतात साधारण ४०० किलो. ओल्या लाकडाचा घनमीटर ९०० किलो धरला तर २ मीटर लांबीचा ओंडका ३० सेंटीमीटर व्यासाला १३०, ४५ ला २८५ आणि ६० ला ५१० किलो भरतो. म्हणजे ६० सेंटीमीटरचा बुंधा दीड मीटरलाच कापायचा, तो ३८० च्या आसपास बसतो. बाभूळ आणि चिंच याहून जड, तिथे आणखी आखूड. हा हिशेब करवत चालवणाऱ्याला पाठ हवा, लोडरवाल्याला नंतर कळून उपयोग नाही.

खरेदीच्या वेळी व्हर्टिकल लिफ्टवर माझा फार भर होता, टेम्पोच्या फाळक्यावरून लाकूड टाकायला हात वर गेल्यावरही पोच मिळते म्हणून. पावसाळ्यानंतर मत थोडं बदललंय. पोच मिळते, पण दिवसाचं बहुतेक काम जमिनीलगत फांद्या ओढणं, ढीग लोटणं आणि पाला गोळा करणं हे आहे, आणि तिथे रेडियल लिफ्टची (हात कमानीत वर जातात) साधी रचना, कमी पिना, कमी ग्रीस निपल हे जास्त कामाचं. तुमचं लाकूड वखारीला जाणार असेल तरच व्हर्टिकलचे जादा पैसे द्या.

टायरबद्दल मत उलटं झालं, चांगल्या अर्थाने. १०-१६.५ मापाच्या हवेच्या टायरला बाभळीचा काटा आणि तिरकं कापलेलं बांबूचं खुंट पुरतं. फोम भरून घेतला तेव्हा पैसे जास्त वाटले होते. पंक्चर बंद झालेच, शिवाय खाली वजन वाढल्याने ओंडका धरून चालताना यंत्र बसकं राहतं. डांबर आणि पेव्हर ब्लॉकवर पट्ट्यांपेक्षा टायरच परवडतात. फक्त जागेवर गोल फिरवू नका. पेव्हर उखडतात, सोसायटीशी भांडण होतं, आणि ऑइल सर्वांत जास्त तापतं तेही याच वळणात. मागे-पुढे करून तीन टप्प्यांत वळवा. लॉन वाचवायचंच असेल तर फिनलंडच्या अवांतसारखा मधून वाकणारा लोडर योग्य, पण वाकलेल्या अवस्थेत त्याची उलटण्याची मर्यादा कमी होते, ते विसरून चालत नाही.

जुन्या बंगल्यांच्या बोळांत यंत्र शिरेल का, हा वेगळा प्रश्न. बॉबकॅट एस७० ची रुंदी ९० सेंटीमीटरच्या आसपास आणि क्षमता ३४० किलोच्या आसपास. ते शिरतं, पण वरचा हिशेब लावला तर हातात फार थोडं उरतं. फांद्या ओढायला ठीक. जेसीबीच्या स्किड स्टिअरला एकच हात आणि बाजूचा दरवाजा असतो. झाडतोडीत ही मोठी सोय आहे, कारण बाकीच्या बहुतेक यंत्रांत उतरायचं म्हणजे ग्रॅपलवरून, आणि पंज्यात ओंडका असताना काही बिघडलं तर ऑपरेटर आत अडकतो. पुढच्या दाराला पॉलीकार्बोनेटची काच हवीच. दाबलेली फांदी सुटून केबिनमध्ये घुसते.

मूळ रचना १९५७ साली मिनेसोटात केलर बंधूंनी टर्कीच्या खुराड्यातली घाण काढायला बनवली, जिथे वळायला जागाच नव्हती. म्हणून सगळं एकात एक कोंबलेलं आहे, आणि कूलरला हात पोचत नाही त्याचं मूळ या कोंबण्यात आहे.

बुडखे काढायला या यंत्राच्या मागे लागू नका. स्टंप ग्राइंडरला (बुडख्याचा भुगा करणारं अवजार) ६०-६५ लिटर प्रतिमिनिट ऑइलचा प्रवाह चालतो, पण तिसरी बारीक केस ड्रेन लाइन (मोटरीत गळलेलं ऑइल टाकीत परत नेणारी नळी) लागते आणि सलग प्रवाहामुळे ऑइल तापतं, म्हणजे पुन्हा तोच कूलर. गेटातून बॅकहो (मागे खोदायचा हात असलेला मोठा लोडर) आत जात असेल तर तासावर बोलावून बुडखा उपटून घेणं स्वस्त पडतं.

ग्रॅपल बदलताना जोडणीच्या खालच्या खाचेतली साल आणि चिपा काढा. त्या राहिल्या तर पाचर पूर्ण खाली बसत नाही, लिव्हर मात्र बसल्यासारखा दिसतो. खाली वाकून दोन्ही पाचरी खाचेतून बाहेर आलेल्या डोळ्यांनी बघा, मगच उचला.

जुनं यंत्र घेणार असाल तर तास-मीटर नंतर बघा. मालकाला कूलर झुकवून दाखवायला सांगा. बोल्ट गंजून अडकले असतील तर तो कूलर कधी उघडलेलाच नाही, आणि त्या ऑइलवर पंप, मोटरी, सील सगळं तापत राहिलंय. किंमत पाडून मिळालं तरी असं यंत्र घेऊ नका.