‘ओक म्हणजे शेड हो, सर’

गेली अठरा वर्षं मी ठाण्यात, पाचपाखाडीला, आयकर आणि जीएसटीची कामं करतो. दिवसातून चार वेळा तरी कुणाला ना कुणाला विचारतो, "पक्कं बिल घेतलंत ना?" आणि यंदा फेब्रुवारीत ऑफिससाठी पुस्तकांचं कपाट घेताना मीच बिल घेतलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझी कीव किती करायची ते तुम्हाला पुढे ठरवता येईल.

वडील गेल्यावर त्यांचे दिवाळी अंक डोंबिवलीच्या घरून मी ऑफिसात आणले. ७५ सालापासूनचे, वर्षवार बांधलेले, पुठ्ठ्यावर त्यांच्या अक्षरात साल घातलेलं. लोखंडी रॅकवर कायद्याच्या पुस्तकांशेजारी ते अगदीच पोरके दिसत होते. सागवानाचं काळपट कपाट नको होतं, जागा आधीच अडीचशे फूट. फिकट लाकूड हवं होतं. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांमधले सॅम्पल फ्लॅट ज्यांनी पाहिलेत त्यांना मी कुठल्या रंगाबद्दल बोलतोय ते कळेल. तो ओक नावाच्या झाडाच्या लाकडाचा रंग, एवढं मला ठाऊक होतं. त्यापलीकडे काही नाही.

त्याच रोडवर एका गाळ्यात ‘फॅक्टरी आउटलेट’ अशी पाटी होती. आतला मुलगा गोड बोलणारा. "सर, हा जर्मन ओक. एक्स्पोर्टची ऑर्डर होती, पार्टीने कॅन्सल केली, म्हणून या भावात." असं म्हणून त्याने टेबलावरचा लाकडाचा ठोकळा माझ्या हातात ठेवला. साधारण दिवाळी अंकाएवढा. पृष्ठभागावर बोट फिरवलं की बारीक खाचा लागत होत्या, आणि उजेडात तिरका धरला की रेषांना आडव्या जाणाऱ्या चमकत्या चिरफळ्या दिसायच्या. वरची रेघ कडेवरून वळून टोकाला खाली उतरत होती. लाकूड आहे याबद्दल शंकाच नव्हती. "घेऊन जा सर, मॅडमना दाखवा," म्हणाला. त्या एका वाक्याने मी विकला गेलो.

सात फूट उंच, चार फूट रुंद, एक फूट खोल. किंमत ६२,०००. बिलासकट हवं तर १८ टक्के वर, म्हणजे ७३,१६०. मी ११,१६० रुपये वाचवले. माझ्या धंद्याला काय शोभतं ते मला कळतं, पण समोर आकडा दिसला की कळणं बाजूला राहतं. २०,००० यूपीआयने आगाऊ दिले, ४२,००० माल आल्यावर रोख. हातात आली ती एक चिठ्ठी: ‘ओक बुककेस ७×४, १ नग, ॲडव्हान्स २०,०००’. माल उतरवल्यावर खाली त्या मुलाने लिहिलं, ‘बाकी क्लिअर’. बाकी किती, ते नाही लिहिलं. मीही विचारलं नाही.

रात्री मात्र मनात किडा वळवळला म्हणून व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, "सॉलिड ओकच ना?" उत्तरात नुसता अंगठा आला. अंगठा दाखवणे हा वाक्प्रचार आपण सातवीत शिकतो.

कपाट वर चढवताना दोन हमाल घामाघूम झाले. मला बरं वाटलं, इतकं जड म्हणजे अस्सल. मग मार्च आला आणि मार्चमध्ये आमच्या धंद्यात माणूस स्वतःकडेही बघत नाही, तर कपाटाकडे कोण बघणार.

जुलैत एका दुपारी अशील येईना म्हणून बसलो होतो. नजर कपाटावर. तिसऱ्या फळीला झोळ आलेला. मधोमध बोटभर खाली. आणि मग त्याहून वाईट दिसलं. तिसऱ्या फळीच्या कडेपासून वीतभर आत एक छानशी गाठ होती, डोळ्याच्या आकाराची, शेजारी एक काळसर टिंब. पाचव्या फळीवरही तीच गाठ. तेच टिंब. तेवढ्याच अंतरावर. पट्टी लावून मोजलं. झाडाला दोन जागी हुबेहूब तीच गाठ येत नाही, छापखान्याला येते. मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन मोठं करून पाहिलं तर रेघा कुठल्या, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ठिपके होते.

आमच्या मावशी रोज ओल्या फडक्याने लादी पुसतात. खाली वाकून पाहिलं तर तळाची फळी पोळीसारखी फुगलेली, आणि कडेची पट्टी सुटून लोंबत होती.

ओळखीचे एक मिस्त्रीकाका आहेत, चिपळूणकडचे, चाळीस वर्षं ठाण्यात काम करतायत. त्यांनी आल्या आल्या एक फळी बाहेर काढली, तिच्या स्क्रूच्या भोकात पेचकस फिरवला आणि तळहातावर जे सांडलं ते माझ्यापुढे धरलं. ओला भुसा. "साहेब, हा भुशाचा बोर्ड. वर कागद."

"पण काका, जड किती होतं!"

"भुसा डिंकात घालून दाबला की जडच होतो. वजनावर लाकूड घ्यायचं तर जळणाच्या वखारीत."

मग त्यांनी मला जे दाखवलं ते त्या गाळ्यात उभं राहून दोन मिनिटांत करता आलं असतं. फळीचं टोक बघायचं. खऱ्या लाकडात वरची रेघ कडेवरून टोकाला उतरते आणि टोकाला वर्षांची वर्तुळं तुटक कमानीसारखी दिसतात. माझ्या फळीच्या टोकाला पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावरही टोकाची नव्हे, फळीच्या वरच्या अंगाचीच नक्षी छापलेली. असली नक्षी झाडावर अशक्य. जिथे कुणी पॉलिश करत नाही तिथे बघायचं: फळीची खालची बाजू, फळ्या टेकवायच्या पिनांची भोकं, पाठ. दुकानदार दाखवतो तो ठोकळा बघायचा नाही, ठोकळा खराच असतो. विकायला ठेवलेल्या वस्तूची फळी काढून बघायची. काढू देत नसेल तर चहा पिऊन घरी यायचं.

नंतर मी पुष्कळ वाचलं, फसलेला माणूस वाचतोच. फर्निचरचा ओक आपल्याकडचा नाही, तो युरोप-अमेरिकेतून येतो. हिमालयात त्याच्याच जातीतलं बांज आहे, पण तिकडे त्याचा पाला गुरांना आणि लाकूड चुलीला. एक घनफूट ओक भरतो वीस किलोच्या आसपास. माझ्या कपाटाच्या बाजू आणि फळ्या इंचभर जाड धरल्या तर पाठ सोडून तीन घनफुटांवर लाकूड लागतं, कापण्यात जातं ते वेगळं. परदेशातून येणाऱ्या लाकडाचा घनफुटाचा भाव एका वखारीत नुसता विचारला असता तरी ६२,००० मध्ये हे बसतं का, हा हिशोब मला करता आला असता. हिशोब हाच माझा धंदा.

झोळाचंही गणित आहे. वजनकाट्यावर मोजलं तर माझी एक फूट पुस्तकं दहा किलो भरली. चार फुटांच्या फळीवर चाळीस. फळीची लांबी दुप्पट केली आणि पुस्तकं तितकीच दाटीने लावली तर झोळ सोळापट येतो. दोन फुटांवर मधली उभी टेकू-फळी हवीच होती. ती नसल्याने कपाट ‘ओपन आणि मॉडर्न’ दिसतं, असं त्या मुलाने सांगितलेलं आठवलं.

गाळ्यात गेलो. तोच मुलगा, तोच गोड आवाज. "सर, ओक म्हणजे शेड हो. ओक शेड. चिठ्ठी बघा ना, कुठे लाकूड लिहिलंय?" आणि त्याचं खरं होतं. लॅमिनेटच्या, म्हणजे बोर्डावर चिकटवायच्या छापील थराच्या, कॅटलॉगमध्ये सोनोमा ओक, व्हाइट ओक, स्मोक्ड ओक अशी रंगांची नावं असतात, त्यांचा झाडाशी संबंध नाही. आपण ‘ओक’ ऐकतो तेव्हा झाड ऐकतो, तो बोलतो तेव्हा रंग बोलतो. दोघंही खरं बोलतायत आणि पैसे एकाचेच गेलेत. म्हणून बिलावर ‘ओक’ एवढं लिहून घेऊ नका. फळ्या कशाच्या, बाजू कशाच्या, पाठ कशाची, जाडी किती, हे लिहून घ्या. ‘ओक व्हिनियर, १९ मिमी प्लायवर’ असं लिहिलं तर त्यात कमीपणा काही नाही. व्हिनियर म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, आणि चांगल्या प्लायवरचं व्हिनियर प्रामाणिक वस्तू आहे. ‘ओक फिनिश’, ‘ओक लुक’, ‘ओक टच’ या शब्दांत मात्र ओक सोडून सगळं मावतं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, स्पीड पोस्टाने नोटीसही पाठवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणंही. माझे तीस दिवस मार्चएंडात गेले होते. जिल्हा आयोगाकडे जायला दोन वर्षं असतात, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. पण दावा किती रुपयांचा लावणार? तीन आठवड्यांनी त्यांचा मोठा शेठ फोनवर आला. "साहेब, तुमचे वीस हजार परत करतो. वीस हजारांचीच तर वस्तू होती." माझ्याकडे वीस हजारांचाच पुरावा होता. तेवढे खात्यात आले, मी घेतले. ४२,००० रोखीने दिल्याचं आयोगापुढे शपथेवर लिहायचं, तर बिल का नाही घेतलंत या प्रश्नालाही शपथेवरच उत्तर द्यावं लागलं असतं. एका करसल्लागाराने. बायको म्हणाली, राहू दे.

मिस्त्रीकाकांनी नवं कपाट केलंय. प्लाय, दर दोन फुटांवर उभी फळी, समोरच्या कडांना सागाची दीड इंची पट्टी, तळाला चार इंचांचा पाया म्हणजे मावशींचं फडकं लागत नाही. दिसायला जरा सरकारी आहे. अंक सरळ उभे राहतात.

तो ठोकळा माझ्याकडेच राहिला, कुणी परत मागितला नाही. वाचताना एक गोष्ट सापडली होती: युरोपातला ओक आणि व्हाइट ओक यांच्या लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या बारीक नळ्या आतून बुजलेल्या असतात, रेड ओकच्या मोकळ्या. परवा ऑफिस बंद करताना ठोकळ्याचा एक बारीक तुकडा लांबीला कापून घेतला, एक टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं आणि दुसऱ्या टोकातून फुंकर घातली. बुडबुडे आले. म्हणजे लाकूड खरं, पण बहुधा अमेरिकन रेड ओक. जर्मन तेही नाही.